गोणपाट आमच्या घरात

५ नोव्हेंबर, मंगळवार

शी! शी! शी! आमच्या घरात कुत्रा आलाय. पंधरा दिवसांसाठी. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

तळमजल्यावरच्या घड्याळकाकांचा आहे. काका घड्याळं दुरुस्त करतात, एकटेच राहतात आणि उद्या त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी बजावलंय — खाली वाकायचं नाही, धूळ नको, कुत्रा तर मुळीच नको. काकांनी आईला विचारलं आणि आई लगेच हो म्हणाली. 'नाही' हा शब्द तिला फक्त माझ्याशी बोलताना आठवतो.

अख्खी इमारत त्याला गोणपाट म्हणते. बघितलं की कळतं. रंग गोणपाटाचा, केस गोणपाटाचे, वास भिजलेल्या गोणपाटाचा. टिकली त्याच्या गळ्यातच पडली. टिकली म्हणजे माझी धाकटी बहीण, वय वर्षं सहा, अक्कल त्याहून कमी. तिनं त्याचा मुका घेतला. तोंडाचा! यापुढे मी तिचं उष्टं खाणार नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

तो पाणी पितो तेव्हा अर्धं पोटात जातं आणि अर्धं दाढीत साठतं. मग ती दाढी तो कुणाच्या तरी मांडीला पुसतो. आज माझ्या. शाळेच्या पँटला! वर्गात शेजारची मुलगी बाकाच्या पार टोकाला सरकून बसली.  

७ नोव्हेंबर, गुरुवार

गोणपाट ढेकर देतो. अगदी माणसासारखा. जेवताना टेबलाखालून दिला आणि बाबांनी माझ्याकडे रोखून बघितलं. बोलणी मला बसली.

९ नोव्हेंबर, शनिवार

कचराकुंडीच्या मागे मेलेली घूस होती. गोणपाट तिच्यावर लोळला. चुकून नाही — आधी वास घेतला, जागा निवडली आणि मग पाठीवर पडून चारी पाय वर करून मनसोक्त लोळला.

आई म्हणाली, मोठा आहेस, तू घाल त्याला आंघोळ. मी नाकाला कपड्याचे चिमटे लावले. दोन. तरी वास तोंडातून आत आला. साबण लावताना त्याच्या कानातून काहीतरी पिवळं निघालं. ते काय होतं हे मी इथे लिहिणार नाही. टिकली बाजूला उभी राहून सांगत होती, दादा, कानामागे राहिलं. दादा, शेपटीखाली राहिलं.

रात्रीचं जेवण मला गेलं नाही. गोणपाटाला गेलं. त्याचंही आणि माझंही.

१० नोव्हेंबर, रविवार



उद्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. तीन रविवार खपून मी माणसाची पचनसंस्था केली होती. घट्ट कणीक मळून. जठर गुलाबी, यकृत तपकिरी, लहान आतडं पिवळं — सगळे खायचे रंग, कारण दुसरे कणकेत नीट मिसळत नाहीत. पुठ्ठ्यावर बसवून वाळत ठेवली होती. खुर्चीवर. हो, खुर्चीवर! टेबलावर बाबांचे कागद होते.

दुपारी येऊन बघतो तर पुठ्ठा कोरा. नावांच्या पट्ट्या तेवढ्या शिल्लक. जठर, यकृत, दोन्ही आतडी — गोणपाटानं सगळं खाल्लं. पचनसंस्थेनं पचनसंस्था खाल्ली!

आणि पचली नाही. संध्याकाळी ती बाहेर आली. माझ्या उशीवर. यकृत ओळखू येत होतं.

बाबा आधी हसले, मग माझं तोंड बघून गप्प झाले. मग पुन्हा हसले.

११ नोव्हेंबर, सोमवार

बाईंनी विचारलं, तुझा प्रकल्प कुठाय. मी म्हणालो, कुत्र्यानं खाल्ला. सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, निदान नवीन कारण तरी शोधायचं.

साडेचारला घरी आलो. गोणपाट खाली अंगणात पसरला होता. मला बघून शेपटी हलवायला लागला, जणू काही झालंच नाही. मी फाटक उघडलं. तो हलला नाही. मग खिशातलं बिस्कीट काढलं आणि रस्त्यावर टाकलं. लांब. तो उठला, आळोखेपिळोखे दिले आणि गेला. बिस्कीट खाऊन तसाच पुढे, बाजाराच्या बाजूला. वळूनही बघितलं नाही.

मी वर आलो, हात धुतले. साबणानं. दोनदा.

साडेपाचला आई त्याला बोलवायला खाली गेली.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

गोणपाट नाही. रात्रीही आला नाही.

खापर दूधवाल्यावर फुटलं. तो रोज संध्याकाळी पाचला येतो, फाटक त्यानंच उघडं टाकलं असं सगळ्यांनी ठरवलं. बाबा त्याला जिन्यातच बोलले. तो म्हणाला, साहेब, मी आलो तेव्हा फाटक उघडंच होतं. बाबा म्हणाले, सगळे असंच म्हणतात. वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या की आजकाल कुणाला कशाची काळजी राहिली नाही. दूधवाला मान खाली घालून दूध मोजत राहिला.

मी दारातच होतो. पातेलं माझ्या हातात होतं.

टिकली जेवली नाही. मी जेवलो. पण घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. स्वतःचीच उलटी गिळल्यासारखं वाटलं. शी.

१३ नोव्हेंबर, बुधवार

शाळा सुटल्यावर टिकलीला घेऊन शोधायला गेलो. ती हट्टानं आली. माझा हात घट्ट धरून चालत होती. बेकरीच्या मागे बघितलं, खाटकाच्या दुकानापाशी बघितलं. कचऱ्याच्या मोठ्या डब्यात मी आत उतरून बघितलं. पाय कशात गेला माहीत नाही. मऊ होतं. कोमट होतं.

गोणपाट नव्हता.

घरी आलो तर घड्याळकाका आमच्याकडे बसलेले. डोळ्यावर हिरवी पट्टी, त्यावर काळा चष्मा. आईनं त्यांना सांगितलं होतं. मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला जवळ बसवून म्हणाले, "म्हातारा झालाय रे तो. वास मारतो, मला कळतं. तुला खूप त्रास झाला असेल." मग काळा चष्मा सारखा करत म्हणाले, "दुकानात चाळीस घड्याळं टिकटिकतात, पण मला झोप लागते ती त्याच्या घोरण्यानंच."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तिथेच बसलो. पाय धुतो म्हणून सांगितलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सापडला!

मासळीबाजारातल्या कोळीणबाईंनी सांगितलं, मागच्या गटाराच्या पाइपातून काल रात्रीपासून कण्हल्याचा आवाज येतोय. त्यांना वाटलं होतं, मांजर असेल. मी धावत गेलो, टिकली मागून. पाइप सिमेंटचा, मी सरपटत जाईन एवढाच. आत काळं पाणी, माशांची आतडी, खवले, आणखी काय काय. वास असा की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पलीकडे दोन डोळे चमकले.

मी हाक मारली. त्यानं शेपटी हलवली असणार, कारण ते सगळं पाणी माझ्या तोंडावर उडालं. तोंडात गेलं. मी थुंकलो आणि पुढे सरकलो.

त्याचा मागचा पाय लोखंडी जाळीत अडकला होता. सुजला होता. मी पाय सोडवत होतो तेव्हा तो चावू शकला असता. त्यानं माझा कान चाटला. अख्खा. आतपर्यंत. मग माझ्या मानेवर ढेकर दिला — सडक्या माशाचा — आणि मी तिथेच, त्या पाइपातच, उलटी केली. पण त्याचा पट्टा सोडला नाही.

बाहेर काढल्यावर कोळीणबाईंनी आम्हा दोघांवर एकच बादली ओतली. म्हणाल्या, कुत्रा कुठला आणि पोरगा कुठला, कळायला नको का.

जनावरांच्या डॉक्टरांनी पायाला पट्टी बांधली. हाड शाबूत आहे. काकांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. वाकायचं नव्हतं त्यांना, म्हणून बाबांनी गोणपाटाला उचलून वर धरलं. बाबांच्या ऑफिसच्या शर्टाची पार वाट लागली. 

सगळे मला शाबास म्हणाले. आईनं तर दूधवाल्यालाही सांगितलं, बघ, तुझी चूक आमच्या मुलानं निस्तरली. तो म्हणाला, बरं झालं ताई. आणि माझ्याकडे बघून हसला.

तीन वेळा अंग घासलंय. वास जात नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

टिकली आज माझ्या कॉटवर येऊन बसली. गोणपाट खाली घोरत होता. ती हळूच म्हणाली, "दादा, सोमवारी तू बिस्कीट टाकलंस ना, ते मी खिडकीतून बघितलं. मी कुणाला नाही सांगितलं. पण दूधवालेकाकांना तू सांग."

पावणेपाच झालेत. मी जिन्यात जाऊन बसतो.