स्पीकरला लावलेली कणीक

सोमवार, दिवेलागण

नातीबाई, लिहून घे, आणि उद्या वही कुठं ठेवली म्हणून मलाच विचारू नको. चष्मा डोक्यावर ठेवून घर धुंडाळणारी तू.

आज बबन लातूरहून आला. शिकवण्यांच्या हॉलांत स्पीकर बसवतो माझा लेक. पहाटेच्या भूकंपात घर पडून तुझे आजोबा गेले, त्याच ढिगाऱ्यातून निघालेला त्यांचा भजनाचा स्पीकर त्यानं मीटरवर तपासला. म्हणाला, "आये, कॉइल जिवंत हाय."

मग स्पीकरचा कागदी पडदा किती ताठ झालाय ते कळायला त्यावर तोलून कणकेची गोळी चिकटवायची होती. मी सवयीनं तेलाचा हात लावून दिली, ती घसरूनच पडली. "आये, पोळ्या न्हाई लाटायच्या." कोरडी दिली, ती बसली. गोळीच्या भारानं पडद्याचा सूर किती उतरला ते बघून म्हणाला, माती बसून पडद्याची कड कडक झालीय, बदलावी लागंल.

माती त्याच पहाटेची. ठेवावी का? तेच मनात घोळत राहिलं. पण माती काय बोलणार माझ्याशी? म्हणलं, बदल बाबा, आवाज येऊ दे.

सकाळी बबन परत जाईल, त्याच्यासंग धपाटे दे. त्यांना मात्र तेल सढळ लाव.