डॅशने सुरू होणारी फाइल

मंगळवार, संध्याकाळ. औंढे.

माझ्या मोडलेल्या साखरपुड्याचे फोटो आज पुसले. फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरवर मीच बसते, म्हणून पुसायलाही मीच. काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप केली, सगळे गेले. एकच व्हिडिओ राहिला, ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्या अविनाशने तिकोणा किल्ल्यावर काढलेला. नावही त्यानेच दिलेलं, ‘-तुझ्यासाठी’. यादीत सगळ्यात वर दिसावा म्हणून पुढे डॅश, असं म्हणाला होता. पण पुढे डॅश असला की कॉम्प्युटरला ते नाव वाटतच नाही, कमांडचाच भाग वाटतो. तीनदा नकार आला. मला बरं वाटलं का? माहीत नाही.

शेजारी बसणाऱ्या सुनीताताई हळूच म्हणाल्या, “नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ दे.”

दिली. गेला. पुसल्यावर कॉम्प्युटर काहीच सांगत नाही, नुसती पुढची रिकामी ओळ येते. मी तिच्याकडे बघत बसले.

घरी आले तर आई दारातच उभी.

“पुसलंस का समदं?”

“व्हय.”

“रडलीस?”

“न्हाई.”

तिने ताट वाढलं. मी दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी तिने न विचारताच वाढली. तीही खाल्ली.