रुईच्या गोळ्यातली सरकी

माय, तुह्या नातीनं आज सकाळी माह्या फ्रिजात, दह्याच्या गंजाजवळ, एक हिरवी पट्टी आणून ठेवली. तिची वायर दाराच्या फटीतून बाहेर, कॉम्प्युटरले लावलेली. मी म्हटलं, हे काय सोंग आहे, दार धड लागून नाही राह्यलं, दूध नासलं तर तुह्या पुण्याच्या साहेबाच्या घरी पाठवू का? ती नुसती हसली. थंडीत ठेवून पाहायचं असते म्हणे, नोकरीच तशी आहे, पंधरा दिवस घरून करायची परवानगी भेटली आहे. तुह्या वेळी आपल्या घरी फ्रिज नव्हता, म्हणून सगळं मुळापासून सांगून राह्यली. मी चौथी शिकलेली बाई, मले पोरगी सांगते तेवढंच समजते.

त्या पट्टीवर नखाएवढी काळी चिप आहे. तिचं पहिलं काम, आपण कोण हे सांगायचं. एकाच साच्यातून हजार काढल्या तरी दोन सारख्या निघत नाहीत. आतल्या रेघा कुठं जराशा जाड, कुठं बारीक, केसाच्या हजाराव्या भागानं. कोणी मुद्दाम करत नाही, होऊन जाते. त्या फरकावरूनच मशीन तिले ओळखते, अन तशीच दुसरी बनव म्हटलं तर जिनं पहिली बनवली त्या कंपनीलेही बनवता येत नाही. मी पोरीले म्हटलं, यात कायचं नवल? माही माय डोळे मिटून कापूस ओळखे.

अन तेवढ्यानं मी वणीच्या जिनिंगात जाऊन पोचली. शेडमध्ये रुई तरंगून राह्यली आहे, पत्र्याच्या भोकातून उन्हाची दोरी खाली आलेली, त्या दोरीत पांढरे कण वर जातात, खाली येतात, मशीनच्या आवाजात कोणाचं बोलणं ऐकू येत नाही, नुसते ओठ हलताना दिसतात. तू मांडी घालून बसली आहेस. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. मशीनीतून निघालेल्या रुईत राह्यलेली सरकी अन कचरा वेचतेस अन चिमूटभर रुई बोटात चोळून मले सांगतेस, हा केळापूरकडचा, हा राजूरचा, याले कोळशाची भुकटी लागली आहे. मी चौदा वर्षांची, मले सारंच पांढरं दिसते.

चिपचं दुसरं काम चिठ्ठ्या काढायचं. तिच्या आत सदा एक थरथर चालू असते, तिच्यावरून ती आकडे काढते, आधीचा पाहून पुढचा कोणाले सांगता येऊ नये असे. मोबाईलचं, बँकेचं कुलूप त्या आकड्यांवर चालते. पण चोर हुशार. तो चिपले गार करते, थरथर कमी होते, मग चिठ्ठ्या एकाच अंगानं पडायले लागतात. तसं होते का, हे पाहायले फ्रिज. हे ऐकलं अन मले राहवलं नाही. तुह्या मडक्याची गोष्ट मी पोरीले सांगितली, छाती फुगवून सांगितली.

ते कापसाचं वाईट वर्ष होतं, बाहेर भाव पडलेले. जिनिंगाच्या आवारात सरकारी खरेदी, अन बाहेर रोडवर गाड्यांची रांग, लोक चार-चार दिवस गाडीखाली झोपत. नंबरावरून मारामारी झाली. मग शेतकऱ्यांनीच ठरवलं, चिठ्ठ्या काढायच्या, अन काढायच्या तुह्या हातानं. तुही ना गाडी ना वावर. रांगेत तुहा भाऊ होता, तरी कोणी नाही म्हटलं नाही. चिठ्ठी रुईत गुंडाळायची ही तुहीच रीत. कागद बोटाले कळते, रुई सारखीच लागते. मडक्यात टाकायचे चाळीस गाड्यांचे चाळीस गोळे मी वळले. मामाले दोन दिवसांचा ताप होता, गाडीखाली घोंगडं घेऊन कण्हत होता. मी त्याच्या गोळ्यात एक सरकी ठेवली. तुहे बोटं ती ओळखतील, तू तो पहिला काढशील, अन मामा घरी जाईल. मले यात काही पाप वाटलं नव्हतं. मले वाटलं मी हुशार आहे.

तुहा हात मडक्यात गेला अन थांबला. किती वेळ, सांगता येत नाही. आज आठवते तर पूर्ण दुपार तशीच थांबलेली दिसते, बैल, माणसं, वरून उडत येणारी रुई, सगळं. तू माह्याकडे पाह्यलं. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. मग तू काढायले लागली. एक, दोन, दहा, वीस. माणूस नावं वाचून राह्यला. मामाचं नाव येत नाही. चाळिसावा गोळा तेवढा राह्यला, तो तू उलगडला, सरकी मुठीत ठेवली अन चिठ्ठी दिली. मामा तापातही हसला. "काहून बाई, पाहुण्याले शेवटच्या पंगतीले बसवलं का?" लोक हसले. तू हसली नाही.

एकोणीस गाड्या झाल्या अन खरेदी बंद झाली. आत जागा नाही म्हणे. मामानं बाहेरच्या व्यापाऱ्याले देईल त्या भावात कापूस टाकला. भाऊबीजेले तो आला नाही. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. कोणीतरी त्याच्या कानात भरलं, बाईनं चांगुलपणा दाखवायले सख्ख्या भावाले मागं टाकलं. तू कधी खुलासा केला नाही. मले फक्त चुलीपाशी, भाकर थापता थापता म्हटलं, "आजपासून रुईले हात लावू नको." आवाजही चढवला नाही. तू गेली तेव्हा मामा आला, फाटकापाशी उभा राह्यला, आत आला नाही.

एवढं सांगून मी पोरीले म्हटलं, पाह्य, अशी होती तुही आजी, भावाचीही गय केली नाही. पोरगी कॉम्प्युटरकडे पाहतच बोलली. "पण आई, मग ती चिठ्ठी झालीच कुठं? सरकी कळली म्हणून हात तिकडे नेला काय अन मुद्दाम टाळला काय, एकच. मामाआजोबांचं नाव शेवटाआधी येऊच शकत नव्हतं. आमचं सर्किट असं काही दिसलं की सगळे आकडे फेकून देते अन पहिल्यापासून काढते. आजीनं मडकं उपडं करायला हवं होतं."

मले असा संताप आला. मी म्हटलं, उचल तुही पट्टी अन माहा फ्रिज रिकामा कर. चार बुकं शिकली अन मेलेल्या माणसाचे न्याय करते. तिनं खरंच उचलली बिचारीनं, सॉरी म्हणून मागच्या खोलीत गेली. मी तांदूळ निवडायले बसली. हात चालू होते, अन ताटातल्या तांदळात मले ते मडकं दिसून राह्यलं.

मडकं उपडं केलं असतं तर लोकांनी काहून म्हणून विचारलं असतं. तुले सांगा लागलं असतं. चाळीस माणसं, त्यांचे चाळीस गावं, सगळीकडे माहं नाव गेलं असतं, जिनिंगवालीची पोट्टी चोट्टी. त्या साली माह्या सोयरिकीची बोलणी चालू होती. तुह्यापाशी एका हातात भाऊ होता, एका हातात मी, अन विचार करायले तेवढाच वेळ होता जेवढा वेळ हात मडक्यात थांबला. हे समजायले मले पंचवीस-सव्वीस वर्षं लागले, तेही पोरीनं सांगितल्यावर. आजवर मी लोकांले, सरकीचं तेवढं सोडून, तुह्या सच्चेपणाची गोष्ट सांगत फिरली माय, अन तू तर मले झाकत होती. मले तुहा रागही येऊन राह्यला. एकदा तरी बोलायचं. मी मोठी झाल्यावर, लग्न झाल्यावर, कधीही. मी मामाच्या पायावर जाऊन पडली असती. पडली असती का, तेही नक्की सांगता येत नाही.

मामा आहे अजून. राजूरले पोराजवळ राहते, कानानं कमी ऐकते, पण वाचते अजून, चष्मा लावून. मी दरसाल जाते, लाडू नेते, तो तुहं नाव निघालं की दुसरीकडे पाहते, अन मी विषय बदलते. हे पत्र खरं तर त्याले लिहायले पायजे होतं. दुपारी बसली तेव्हा वर त्याचंच नाव लिहिलं होतं. मग ते पान फाडलं अन तुले लिहायले लागली, कारण तू वाचणार नाही.