शुक्रवारचा तास कोणी बंद पाडला

प्रिय शेळके बाई,

आज पाचव्या तासाला शेजारच्या वर्गावरचे नवे सर माझ्या दारात येऊन उभे राहिले. “मॅडम, आवाज थोडा कमी होईल का? आमच्याकडे चाचणी चाललीय,” एवढंच म्हणाले आणि गेले. मी मुलांना गप्प केलं, दार ओढून घेतलं आणि खुर्चीत बसले. इतकं सोपं होतं का ते? दारात यायचं, सांगायचं आणि जायचं?

तुम्हाला जाऊन पंधरवडा झाला. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तुमचा शुक्रवारचा तास माझ्या तक्रारीमुळे बंद झाला, बाई. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जाऊन मीच बोलले होते.

तुमची नववी अ, माझी नववी ब, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. मी नुकती नोकरीला लागलेली, तुम्ही मुरलेल्या. दर शुक्रवारी तुम्ही कुणाच्या तरी वहीतलं चुकलेलं गणित, नाव न सांगता, फळ्यावर जसंच्या तसं उतरवायच्या आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या. नियम दोनच. ‘चूक’ हा शब्द कुणी काढायचा नाही, कुठल्या पायरीपर्यंत पटलं तेवढं सांगायचं. आणि पुढची पायरी पटली नसेल तर आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत असं मांडायचं, की त्याने “हां, हेच म्हणतोय मी” असं कबूल करावं. त्यानंतरच स्वतःचं मत. आमच्या भोसरीतल्या पोरांना, जी बसच्या रांगेतही आधी हात उचलतात आणि मग विचारतात, त्यांना हे शिकवायचं म्हणजे काय खायचं काम होतं का?

ते बसचं गणित आठवतं? बस चाकणला जाताना ताशी चाळीस किलोमीटरने गेली, त्याच रस्त्याने येताना वीसने आली, तर सरासरी वेग किती? फळ्यावर उत्तर होतं तीस. बहुतेक वर्गाला ते पटलेलं. मग राधा उभी राहिली. तिचे आईवडील बीडहून कामासाठी आलेले, वर्षभर वर्गात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

“तुमचं म्हणणं असं, की वेग दोन हायेत, म्हणून बेरीज करून दोनानं भागायचं. बरोबर?”

तीसवाले हो म्हणाले.

“पण येताना बस ट्रॅफिकमधी अडकती. वीसच्या वेगानं आपण दुप्पट टाईम बसमधी बसलेलो असतो. मग दोन्ही वेगांला सारखाच मान कसा काय द्यायचा?”

मग जी जुंपली! शेवटी पोरांनी अंतर वीस किलोमीटर धरलं. जायला अर्धा तास, यायला एक तास, म्हणजे दीड तासात चाळीस किलोमीटर. सव्वीस पूर्णांक दोन तृतीयांश. तीसवाल्यांपैकीच कुणीतरी डस्टर घेऊन फळ्याकडे गेलं, तेव्हा तुम्ही मागून म्हणालात, “पुसू नगं रं. ते राहू दे, त्याच्या शेजारी लिही.” एरवी तुमची भाषा पुस्तकी, पण वर्ग रंगात आला की तुमचं चाकणकडचं गाव तुमच्या तोंडून बोलायचं.

हे सगळं मी पार्टिशनच्या अलीकडे, हाताची घडी घालून बसलेल्या माझ्या वर्गासमोर, खडू धरून ऐकत होते. सोमवारी मुख्याध्यापक सरांकडे गेले. शेजारच्या गोंधळामुळे शिकवता येत नाही, असं सांगितलं. दोन दिवसांत तुमच्या हातात कागद आला, ‘अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत चर्चेचे तास घेऊ नयेत.’ अभ्यासक्रम कधी कुणाचा पूर्ण झालाय का, बाई?

मधल्या सुट्टीत तो कागद घेऊन तुम्ही नेमक्या माझ्याच शेजारी येऊन बसलात. “वैशाली, कुणी सांगितलं असंल गं? मला सांगायचं ना. आमी काय माणसं खातो का?” चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं तुम्ही ओळखलंत. पण तसं काहीच नव्हतं. तुम्ही खरंच विचारत होतात. मी म्हणाले, “मला काय माहीत?” तुम्ही मान हलवलीत आणि तुमच्या डब्यातली अर्धी भाकरी मोडून माझ्यासमोर ठेवलीत. मी ती खाल्ली.

एका गोष्टीचा मात्र मला तुमच्यावर राग आहे. तुम्ही भांडला का नाहीत? पोरांना एवढं वाद घालायला शिकवलंत आणि स्वतः तो कागद घडी करून पर्समध्ये टाकलात. तुम्ही सरांकडे जाऊन जाब विचारला असता तर माझं नाव बाहेर आलं असतं. मी तोंडघशी पडले असते आणि मोकळीही झाले असते.

पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त झालात. नंतर मी स्वतःच असा तास घ्यायची परवानगी मागायला गेले, तर सर म्हणाले, “घ्या की, कुणाची तक्रार नसेल तर.” तक्रार करणारी तर मीच होते. पहिले दोन-तीन शुक्रवार पार फसले. मी फळ्याजवळ उभी राहायची आणि पोरं गणिताऐवजी माझा चेहरा वाचायची. माझी भुवई हलली की त्यांना उत्तर कळायचं. तुम्ही शेवटच्या बाकावर का बसायच्या, ते मला तेव्हा समजलं.

पिंपरीच्या हॉस्पिटलमध्ये तुम्हाला भेटायला आले, तेव्हा सगळं जिभेवर आलं होतं. पण तुम्ही माझ्या तासाचंच विचारत राहिलात. “मंग? मंग पोरं काय म्हणाली?” मी एक सांगितलं की तुम्हाला दुसरं हवं असायचं. तुमचा तो आनंद मला मोडवेना. खरं सांगायचं तर ती सबब होती, मी भ्याले होते.

काल तुमच्या अश्विनीचा फोन आला. शनिवारी शाळेत शोकसभा आहे, मी दोन शब्द बोलावेत असं तिला वाटतं. मग म्हणाली, “आईने तो शुक्रवारचा तास शेवटी सोडून दिला ना? सगळे म्हणतात, तिला झेपेना. मला ती काही बोलली नाही. एवढी जीव टाकायची त्या पोरांवर, आणि मधेच सोडलं. त्याचं मला वाईट वाटतं, मॅडम.” तुमच्या पोटच्या लेकीला असं वाटतंय, बाई. आणि मी फोनवर नुसतं “हं” म्हणाले.

गोंधळाचं कारणही खोटंच होतं. त्या बसच्या गणिताच्या दिवशी माझ्या वर्गातली पहिल्या बाकावरची मुलगी पार्टिशनला कान लावून बसली होती. मी रागावले, तर म्हणाली, “मॅडम, त्यांचं काय ठरलं एवढं ऐकू द्या ना.” माझ्या फळ्यावर अख्खं उदाहरण नीट सोडवलेलं होतं. तिने ते वहीत उतरवूनही घेतलं होतं. माझा वर्ग माझ्यासमोर बसून तुमच्या वर्गात गेला होता, आणि ते मला सहन झालं नाही.

शनिवारी मी बोलणार आहे. सरांसमोर, पोरांसमोर, पहिल्या रांगेत बसलेल्या अश्विनीकडे बघून. तिच्या आईने तो तास सोडला नव्हता, मी बंद पाडला, आणि विचारल्यावर मला माहीत नाही म्हणाले, असं सांगेन. आवाजाचं नाव पुढे करणार नाही. मला बाईंचा हेवा वाटत होता, हेच सांगेन. त्यानंतर अश्विनी माझ्याशी बोलेल की नाही, ठाऊक नाही. नाही बोलली तरी चालेल. तिने तुमच्यावर रुसून राहू नये, एवढंच मला हवंय.

तुमची,
वैशाली, नववी ब