एका दमात

१० एप्रिल २०२१, सक्करदरा
आज माझ्यावर घोर अन्याय झाला. दवाखान्याला कुलूप लावून मी एका कंपनीत फोनवरचा डॉक्टर म्हणून रुजू झालो, तर तिने चेहऱ्यावर उजेड पाडायला गोल दिवा धाडला. दिवा एक, चष्म्यात दिसतात दोन. अद्वैत पहिल्याच दिवशी मोडलं. सुमती, माझी अर्धांगिनी, म्हणाली की पंचवीस वर्षांत आज पहिल्यांदा तेजस्वी दिसताय. काम मात्र झकास. फोनवर छाती तपासता येत नाही, म्हणून रोग्याला एका दमात आकडे मोजायला लावायचे. दम लवकर तुटला की भरती.

१२ एप्रिल
कन्हानच्या बायजाबाई, सत्तरीच्या. सून नंदिनी फोन धरते. म्हातारी म्हणाली, मले शाळेत नाही घातलं, आता मरतेवेळी उजळणी काहून? विसाच्या पुढे येतच नाही म्हणे. अकरावर दम तुटला. भरती करा म्हटलं. नंदिनी म्हणाली, सकाळपासून हिंडून राहिलो साहेब, कुठंच खाट नाही.

१५ एप्रिल
कॅमेरा बंद, नुसता आवाज. बायजाबाईंनी शंभरी सहज ओलांडली. मी खुशीत सांगितलं, आता खाट शोधू नका. जेवताना आठवलं, त्यांना विसाच्या पुढे येत नव्हतं. आणि मधे कुठे श्वास घेतल्याचं ऐकू—

१६ एप्रिल
कॅमेरा लावायला सांगितला. ओठ हलत होते, छाती नाही. शास्त्रात श्वास रोखण्याला कुंभक म्हणतात, पण कुंभकात कोणी बोलत नाही. नंदिनी आनंदात होती. सासूबाई रातभर मोजून राहिल्या म्हणे, पाणीही मागत नाहीत. त्यांच्या नाकाशी हात धर म्हटलं. तिने धरला. झटकन मागे घेतला. मोजणी चालूच होती. फोन तुटला.

१८ एप्रिल
लकडगंजचे देवराव. धापेने दोन शब्द बोलवत नव्हते. मोजा म्हटलं, तर एकपासून नाही. बायजाबाईंचा फोन ज्या आकड्यावर तुटला, त्याच्या पुढच्यापासून. न थांबता.
आता कोणालाच मोजायला लावत नाही.

२१ एप्रिल
सुमतीला ताप. मागच्या खोलीत ठेवलंय, फोनवरच बोलतो. खाट नाही, कुठेच नाही. म्हणाली, तो दिवा लावा हो, तेज ओसरलंय तुमचं. पुढे बोलवेना. दम फार—

२३ एप्रिल
ती मोजतेय. मी सांगितलं नव्हतं.
आवाज तिचाच. धाप नाही. हाक मारली, थांबत नाही.
दार उघडायचं, नाकाशी हात धरायचा. डॉक्टर आहे मी, एवढंच तर—
आकड्यांची भीती नाही वाटत. खरं सांगतो. हात धरेपर्यंत ती आहे. धरला, आणि हाताला श्वास लागला नाही, तर