कार्डावरचे चौथे वाक्य

श्री
अहमदनगर, ३ सप्टेंबर १९४६

चि. सौ. इंदू हीस नृसिंहाचा मनापासून आशीर्वाद.

वि. वि. दोन महिने तुला ओळही लिहिली नाही, याची क्षमा असावी. कारणे तीन-चार सांगता येतील. पण डायरी चाळली तेव्हा आळस हे एकच खरे निघाले. पोरांना नियमितपणावर निबंध घालणारा मास्तर तो मीच.

तुझा इंग्रजीचा अभ्यास तपासला. घरात जे घडत असेल ते त्याच क्षणी चालू वर्तमानकाळात लिहायचे आणि संध्याकाळी तीच वाक्ये चालू भूतकाळात फिरवायची, ही रीत तुला मानवलेली दिसते. ‘इज’ आणि ‘वॉज’ आता आपापल्या जागी बसतात. चौथ्या वाक्यात तू लाडवाला ‘स्वीट’ लिहिलेस. खाणारा एकावर थांबत नसणार, म्हणून अनेकवचन केले आहे. कोण काय खातो हे मी पाहत नाही, व्याकरण पाहतो. हा गुण की दोष, ठरत नाही.

मॅट्रिकला बाहेरून बसण्याचा तुझा अर्ज महिनाअखेर मुंबईस पोचायला हवा. तुझ्या मामंजींनी सही केली का? रविकांतराव ‘बाबा म्हणतील तसे’ म्हणतात, तेव्हा सारे त्यांच्यावर आले. हे वर्ष हुकले तर पुन्हा तुला कोणी विचारील, असे मला वाटत नाही.

दादावर राग असला तरी माया असू दे.
नृसिंह

ता. क. तपासलेला अभ्यास सोबत आहे.

—

श्री
कोपरगाव, ९ सप्टेंबर

ती. दादांच्या चरणी इंदूचा नमस्कार.

वि. वि. अभ्यास सोबत नव्हता. तो दुसऱ्या दिवशी कार्डावर आला, तुमच्या सुवाच्य अक्षरात, एकेक वाक्य पूर्ण लिहून. दादा, या घरची रीत अशी की पाकीट ज्याचे त्याचे, पण कार्ड सगळ्यांचे. मामंजींना कचेरी सोडून सहा वर्षे झाली, तरी आलेले प्रत्येक कार्ड ते झोपाळ्यावर बसून खड्या आवाजात वाचतात. इंग्रजी असले तर सासूबाईंसाठी लगोलग मराठी करतात.

गाय गवत खात आहे, हे झाले. सासूबाई गोदागंगेवर जात आहेत, हे झाले. मांजर मामंजींच्या पगडीशी खेळत आहे, यावर सगळेच हसले. मग चौथे. ‘माय फादर-इन-लॉ इज ईटिंग स्वीट्स’ एवढे खणखणीत म्हणून झाले आणि झोपाळा थांबला.

डॉक्टरांनी त्यांचे गोड बंद केले आहे. सासूबाई गंगेवर गेल्या की ते कोठीत शिरतात. मीही त्याच वेळी अभ्यासाला बसते, आणि समोर घडेल ते लिहायचे हा तुमचाच हुकूम.

मामंजी खाकरले आणि म्हणाले, सासरे गीता वाचीत आहेत. सासूबाईंनी विचारले, कधी? ते म्हणाले, सकाळी. तेवढ्यावर सुटका नव्हती, कारण खाली तीच वाक्ये भूतकाळात होती. तेव्हा सासरे पुन्हा एकदा गीता वाचीत होते.

मग सासूबाई मला म्हणाल्या, आता तू वाच, तुझी विद्या कुठवर आली ते पाहू. कार्ड माझ्या हातात आले. मामंजी माझ्याकडे न पाहता कडीपाटाकडे पाहत होते. मीही गीताच वाचली. चाचरत, पण वाचली.

दुसऱ्या दिवशी अर्जावर सही झालेली होती. सोबत पाठवते. मी काही मागितले नव्हते, दादा.

पुढच्या वेळी पाकीट करा आणि लोभ होता तेवढा ठेवा.
इंदू

—

श्री
अहमदनगर, १३ सप्टेंबर

चि. सौ. इंदूस आशीर्वाद.

वि. वि. अर्ज पोचला. पत्र वाचून आधी पोट धरून हसलो. मग डायरी लिहायला बसलो आणि हसू मावळले. भीतीपोटी केलेली सही ही संमती म्हणावी का? कार्ड मी पाठवले, म्हणजे भीती मीच घातली. शिवाय त्यांच्या प्रकृतीचे काय? अर्ज तूर्त खणात ठेवला आहे. तू सासूबाईंना खरे सांगावेस आणि मामंजींनी मोकळ्या मनाने ठरवावे.

तुला हे टोचेल. तरी अंतर देऊ नकोस.
नृसिंह

—

श्री
कोपरगाव, १९ सप्टेंबर

ती. दादांस इंदूचा नमस्कार.

वि. वि. तुमचे पत्र आले त्या दिवशी मला जेवण गेले नाही. वर्ष तुमचे जात नाही, माझे जाते. तरी तुम्ही म्हणालात म्हणून सासूबाईंना कोठीत गाठून सगळे सांगितले. त्या डाळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या. म्हणाल्या, डब्यात रोज एक लाडू मीच ठेवते. डबा रिकामा दिसला तर बाजारात जाऊन चार खातील. म्हणजे दादा, माझे एकवचनच बरोबर होते.

मग मला कार्ड का वाचायला लावले, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “झोपाळा थांबला तेव्हाच मला कळलं. तू त्यांना उघडं पाडतेस का, ते पाहायचं होतं. नाही पाडलंस. मग सकाळी मीच अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, सही करा, नाहीतर गीतेचा दुसरा अध्याय म्हणून दाखवा.”

मामंजींना मोकळ्या मनाचे विचारले, तर त्यांना ते आवडले नाही. म्हणाले, सही केली ती केली. आता रोज विचारतात, मुंबईहून पोच आली का. अर्ज खणात ठेवणाऱ्या कारकुनाला ते कचेरीत काय म्हणत असत, तेही त्यांनी सांगितले. ते मी लिहीत नाही.

अर्ज गेल्याचे कळवाल तेव्हा माझा लोभ पूर्ववत होईल.
इंदू

—

श्री
अहमदनगर, २२ सप्टेंबर, रविवार

चि. सौ. इंदूस आशीर्वाद.

वि. वि. अनेकवचन मागे घेतो. सचोटी म्हणून जे मी नऊ दिवस खणात जपले, त्यात तुझ्या मामंजींचा धाक किती होता, हे तपासतो आहे. निकाल तुला कळवणार नाही. त्यांना सांग, कारकुनाला समज पोचली. सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार, आणि तो पाठ करून घातलेला नाही.

डायरीत आज एकच ओळ लिहिली, ती इथे उतरवतो.

उद्या : पोस्ट उघडताच इंदूचा अर्ज रजिस्टरने मुंबईस पाठवणे.