आईनं बदललेले संवाद

सेलू, रविवार

प्रिय बापू,

शाळेत वडिलांना पत्र लिहिताना वर 'तीर्थरूप' घालायला शिकवलं होतं. तसं लिहून पाहिलं तर परीक्षेला बसल्यासारखं वाटायला लागलं, पुढचं सुचेना. म्हणून प्रिय लिहिलंय. हसू नका. म्हणजे हसलात तरी चालेल, मला इथून काय दिसतंय.

आई राजेश्रीताईच्या बाळंतपणाला नांदेडला जातेय हे कळलं. ताईला डॉक्टरनं प्रवास नको म्हटलंय म्हणे, म्हणून आईच दोन-तीन महिने तिकडं. म्हणजे सोनपेठच्या घरात तुम्ही एकटे. आणि मी कधी आलोच, तर तुमचं बोलणं माझ्यापर्यंत अन् माझं तुमच्यापर्यंत पोचवणारं माणूस मधे नसणार. मी आयटीआय सोडून येलदरीच्या धरणावर मासे धरणाऱ्यांबरोबर राहायला गेलो, तेव्हापासून आपण दोघं एकमेकांशी सरळ बोललेलोच नाही. मग आईशिवाय आपण एका घरात राहूच शकत नाही का? हे कोडं सध्या माझ्या डोक्यात फिरतंय. ते डोक्यात घुसलं नाटकामुळं, म्हणून आधी नाटकाचं सांगतो.

सेलूला मी पहिल्यांदा जिनिंगवर होतो. कापसाची धूळ नाकात जायची, सोडलं. आता घरोघर पाण्याचे जार पोचवतो. इथं एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी नाटक लिहायला शिकवतात, परभणीहून सुमंगलाबाई येतात त्यासाठी. मी जार ठेवायला गेलो तर मधोमध एक खुर्ची आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोघं उभे. बसायचं दोघांनाही, पण 'मला बसायचंय' असं म्हणायचं नाही, अशी अट. एक म्हणतो, "तुमच्या गाडीला पोरं हात लावायलेत बघा." दुसरा म्हणतो, "लावू द्या, बिघडलेलीच हाय." मी तिथंच जारवर बसकण मारली. बाहेर आमचा टेम्पोवाला लिंबाजी हॉर्न वाजवून दमला, आत येऊन म्हणाला, "आरं, पाणी द्यायला आलास का प्यायला?" आणि मग तोही बघत उभा राहिला. त्या दिवशी अर्ध्या सेलूला पाणी उशिरा मिळालं.

बाई म्हणतात, स्टेजवर येणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी पाहिजे असलं पाहिजे, साधा पाण्याचा ग्लास का असेना. ज्याला काहीच नको त्याला आत पाठवून द्या. आणि 'त्याला वाईट वाटलं' असं नुसतं लिहून भागत नाही. वाईट वाटणं प्रेक्षकाला दिसत नसतं, माणूस काय करतो तेवढं दिसतं. तेव्हापासून मीपण दर रविवारी जाऊन बसतो, मला नादच लागलाय. बसस्टँडवर उभा राहून बघतो, ह्याला काय पाहिजे, तिला काय पाहिजे. परवा एक म्हातारी खिडकीसाठी एवढी भांडली की शेवटी एका पोरानं उठून तिला जागा दिली, तर बसल्या बसल्या तिनं खिडकी लावूनच घेतली! तिला नेमकं काय पाहिजे होतं, याचा विचार करत मी तिच्याच गाडीत चढलो आणि मानवतला उतरलो. मला जायचं होतं जिंतूरला.

तर बाईंनी सांगितलं, घरातलं जेवण लिहून आणा, माणसं तीनच. मी आपलंच लिहिलं. तुमचं नाव बदललं, पिठाची गिरणी तशीच ठेवली. तुम्ही पिठानं पांढरे होऊन येता आणि भिंतीकडं बघत आईला म्हणता, "त्याला म्हणावं, घर म्हंजे काय धरमशाळा हाय का? कवाबी यायचं, कवाबी जायचं." मी तिथंच, पुढ्यात ताट. आई माझ्याकडं वळून म्हणते, "ते म्हणायलेत, लय दमलास, हातपाय धू आन् जेव." मी म्हणतो, "त्यांना सांग, मी उद्याच चाललोय." आई तुमच्याकडं बघून म्हणते, "उद्या दळणाला हात लावतो म्हणायलाय."

मी वाचून दाखवलं तर सगळे खो खो हसले. बाईपण हसल्या. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "आई बदलून सांगते, ते बापाला ऐकू येतं ना?" मी म्हटलं, येतं की, तीन हातांवर तर बसलेले असतात. "मग तो तिला टोकत का नाही?"

बापू, कुणाच्या डब्यात दुसऱ्याचं मूठभर पीठ गेलं तरी तुम्ही गिरणी थांबवता. आणि आई तुमच्यासमोर तुमचं बोलणं उलटंपालटं करून सांगते, तेव्हा 'मी असं कुठं म्हणालो' असं एकदाही म्हणाला नाहीत. भाकरी मोडत राहिलात. मी तरी कुठं म्हणालो? उलट दुसऱ्या दिवशी गुमान गिरणीवर येऊन डबे उतरवायला लागलो, आणि पीठ केसात जातं म्हणून तुम्ही खुंटीवरचा रुमाल माझ्याकडं फेकलात. म्हणजे आई बदलून सांगायची तेच आपल्याला म्हणायचं होतं का? का फक्त तिचं मन मोडायचं नव्हतं? तुमचं तुम्हाला ठाऊक. मला मात्र फार उत्सुकता लागून राहिलीय.

बाई म्हणाल्या, आता आईला आत पाठव आणि पुढं लिही. मी आईला परसात पाठवलं. उरलो आपण दोघं. तुमच्या तोंडी 'पाणी' घातलं, खोडलं, कारण तांब्या तर तुमच्या शेजारीच. तुम्हाला काय पाहिजे ते शोधत बसलो तेव्हा लक्षात आलं, मला काहीच माहीत नाही. गिरणी तुम्ही हौसेनं टाकली का आजोबांनी गळ्यात मारली, एवढंसुद्धा नाही.

तो सीन अर्धा राहिला तर राहू दे. मला आई गेल्यावर घरी यायचंय, त्यासाठी हे पत्र लिहिलंय. आईनं सुचवलेलं नाही, तिला मी बोललेलोही नाही. गिरणीवर हाताखाली राहीन. भाकरी येत नाही, खिचडी येते. रविवारी तेवढं सेलूला जाऊ द्या. किती दिवस टिकेन याचा भरवसा देत नाही, तुम्ही मला ओळखता. पत्र गिरणीच्या पत्त्यावर टाकतोय, कारण घरी आलं तर आधी आईच्या हाती पडणार, तीच तुम्हाला वाचून दाखवणार आणि त्यातलं काय काय बदलणार देव जाणे. माझा फोन आला की तुम्ही नाव बघून "तुझा हाय" म्हणत तिच्या हातात देता, ते मला इकडं ऐकू येतं. शनिवारी संध्याकाळी, गिरणी बंद व्हायच्या वेळेला मी फोन करीन. तो आईकडं देऊ नका. ये म्हणा, नको म्हणा, शिव्या घाला. पण तुम्हीच बोला.

तुमचाच,
सारंग